पोटॅशियम 2, 8, 9 का नाही? आणि लोखंडाचे संयुजा इलेक्ट्रॉन नेमके किती?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कळव्यात तुम्ही आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेता. एका मुलाने पोटॅशियमचे संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ती मांडणी) 2, 8, 9 असे लिहिले, कारण तिसऱ्या कवचात 18 मावतात हे तुम्हीच सांगितले होते. ते चूक म्हटल्यावर तो म्हणाला, "तिसऱ्यात दहा जागा रिकाम्या असताना चौथे कवच उघडायचेच कशाला?" त्यावर तुम्हाला नीट सांगता आले नाही. शोधाशोध करताना आणखी एक घोळ निघाला. लोखंडाचे संयुजा इलेक्ट्रॉन एका गाईडमध्ये 2, दुसऱ्यात 8, आणि गंजाचे सूत्र बघावे तर 3.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी शिक्षक नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रबाळ्याच्या अंगाला, निकेल-क्रोम प्लेटिंगच्या एका कारखान्यात आधी लॅब आणि नंतर ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, सांभाळण्यात माझी नोकरी संपली. आता ऐरोलीत घरी असतो आणि सोसायटीतली मुले परीक्षेच्या तोंडावर वही घेऊन येतात. प्लेटिंगवाल्याचा इलेक्ट्रॉनशी रोजचा संबंध असतो. एक ग्रॅम निकेल चढवायला सुमारे 0.91 अँपिअर-तास लागतात, एक ग्रॅम क्रोमला 3.1. हा फरक कशाचा, तर निकेलचा एक आयन दोन इलेक्ट्रॉन मागतो आणि क्रोमिक ॲसिडच्या बाथमधले क्रोमियम अणूमागे सहा. (हाही कागदावरचा हिशोब, क्रोमच्या बाथमध्ये बराचसा प्रवाह हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यातच जातो आणि वीजबिल वेगळेच येते.) त्यामुळे माझे उत्तर थोडे कारखान्याच्या वासाचे असेल.

तुमच्या दोन्ही प्रश्नांत एक गफलत समान आहे. अणूतले एकूण इलेक्ट्रॉन मोजणे हे एक काम आणि त्यातले संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे रासायनिक व्यवहारात उतरणारे, ओळखणे हे दुसरे. पहिल्याला वजाबाकी आली की पुरते. दुसऱ्यात प्रत्येक इलेक्ट्रॉन काढायला काय किंमत पडते ते बघावे लागते. शाळेत दुसऱ्या कामासाठी एक सोपी युक्ती देतात, 'शेवटच्या कवचातले मोजा'. पहिल्या 20 मूलद्रव्यांत ती बिनचूक चालते. मुले तीच व्याख्या समजून पाठ करतात आणि पुढे अडतात.

पहिले काम उरकून टाकू. उदासीन अणूत जितके प्रोटॉन तितके इलेक्ट्रॉन, आणि प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक. ही संख्या प्रत्यक्ष मोजता येते हे 1913 मध्ये हेन्री मोझली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले. निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्याने मोजली, आणि एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना तिचे वर्गमूळ ठराविक पायरीने वाढते हे त्याला दिसले. तोवर अणुअंक म्हणजे यादीतला अनुक्रमांक, एवढीच त्याची पत होती. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत मोझली गेला, वयाच्या 27 व्या वर्षी.

इथे मुले दोनच चुका करतात. पहिली म्हणजे वस्तुमानांक उचलतात आणि मॅग्नेशियममध्ये 24 इलेक्ट्रॉन लिहितात. काही हुशार मुले वस्तुमान निम्मे करतात. मॅग्नेशियमला उत्तर बरोबर येते, म्हणून सवय पक्की होते. अशांना आरगॉन आणि पोटॅशियम शेजारी मांडून द्या. आरगॉनचे अणुवस्तुमान 39.95, पोटॅशियमचे 39.10. म्हणजे आरगॉन जड, तरी त्यात इलेक्ट्रॉन 18 आणि पोटॅशियममध्ये 19. निम्मे करणारा इथे हमखास आपटतो. दुसरी चूक चिन्हाची. धन आयनावर अधिक दिसले की मुले मिळवतात. सोडियम आयनात 11 अधिक 1 मिळून 12, असे लिहून मोकळी. इलेक्ट्रॉन ऋण आहे, तो गेला म्हणून अणू धन झाला. सोडियम आयनात उरले 10. सल्फेटसारखा मूलक द्या, मग पक्के कळते: गंधकाचे 16, चार ऑक्सिजनचे 32, वरचे दोन, एकूण 50. अमोनियममध्ये 7 अधिक 4 वजा 1, म्हणजे 10. एवढेच. यात तासभर घालवू नका.

आता त्या मुलाचा प्रश्न. खरे सांगायचे तर मला तो फार आवडला. कारण 'दोन गुणिले कवच-क्रमांकाचा वर्ग' हे सूत्र, म्हणजे 2, 8, 18, 32, कवचात जास्तीत जास्त किती मावतील ते सांगते. कोणत्या क्रमाने भरतील याबद्दल ते एक शब्द बोलत नाही. आपण शिकवताना हा क्रम त्याच्यात घुसडतो आणि मग पोटॅशियमपाशी 'शेवटच्या कवचात आठपेक्षा जास्त नसतात' अशी ठिगळी लावतो. ठिगळ खोटे नाही, पण त्याला कारण दिलेले नसते, म्हणून चौकस मुलाला ते खुपते.

कारण असे. कवच म्हणजे एकच मोठी खोली नसते. त्यात उपकवचे असतात. तिसऱ्या कवचात एस, पी आणि डी अशी तीन. त्यांत 2, 6 आणि 10 इलेक्ट्रॉन मावतात, बेरीज 18. आरगॉनपर्यंत एस आणि पी भरतात, म्हणजे आठ. उरलेल्या दहा जागा डीच्या. 19 व्या इलेक्ट्रॉनासमोर आता दोन पर्याय आहेत, तिसऱ्याचे डी किंवा चौथ्याचे एस. जिथे ऊर्जा कमी पडेल तिथे तो जाणार.

डी उपकवचातला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळ जवळपास फिरकतच नाही. आतले 18 इलेक्ट्रॉन मध्ये आडवे येतात, आणि 19 प्रोटॉनांची ओढ त्याच्यापर्यंत पोचते ती जेमतेम एका प्रोटॉनाएवढी. चौथ्या एसमधला इलेक्ट्रॉन सरासरीने लांब राहतो खरा, पण त्याच्या वावराचा थोडा भाग थेट केंद्रकाजवळ असतो. तेवढ्या वेळात त्याला ओढ चांगली लागते आणि एकूण ऊर्जा खाली येते. म्हणून पोटॅशियम 2, 8, 8, 1 आणि कॅल्शियम 2, 8, 8, 2.

इथवर दहावीच्या मुलाला सांगितले तरी झेपते. पण 'चौथे एस नेहमीच तिसऱ्या डीपेक्षा खाली' असे मात्र सांगू नका. अकरावीला गेल्यावर पुन्हा विसरावे लागेल असे काही आत्ता का शिकवायचे? गंमत बघा. पोटॅशियमच्या अणूत 19 इलेक्ट्रॉन आहेत. कॅल्शियमचा एक इलेक्ट्रॉन काढला की त्यातही 19 उरतात. स्कँडियमचे दोन काढले, 21 वजा 2, की तिथेही 19. तिन्हीकडे इलेक्ट्रॉन सारखे, फरक फक्त केंद्रकात: 19, 20 आणि 21 प्रोटॉन. पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये तो 19 वा इलेक्ट्रॉन चौथ्या एसमध्ये बसतो. स्कँडियमच्या त्या आयनात तो तिसऱ्याच्या डीमध्ये असतो. केंद्रकाची ओढ वाढली, आयनावरचा धन भार वाढला, तशी डीची पातळी झपाट्याने खाली आली.

म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याने लिहिलेले 2, 8, 9 जगात खरोखर आहे! दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्कँडियमचे संरूपण हेच. पोरगा पत्ता चुकला, घर खरे होते. हे त्याला जरूर सांगा.

(जाता जाता: कवचांना के, एल, एम, एन अशी नावे आहेत आणि पोटॅशियमची संज्ञाही के. 'के मध्ये के कवचात दोन' हे वाक्य फळ्यावर लिहिले की वर्गात हमखास हशा होतो. ए-पासून सुरुवात का नाही, तर क्ष-किरणांच्या गटांना नावे देणाऱ्या बार्क्ला या भौतिकशास्त्रज्ञाने, आणखी आतले काही सापडले तर असावीत म्हणून, आधीची अक्षरे राखून ठेवली. आतले काही सापडले नाही.)

दुसऱ्या प्रश्नाकडे यायच्या आधी एक आकडेवारी तुमच्या वहीत लिहून घ्या. संयुजा इलेक्ट्रॉन म्हणजे काय हे मला स्वतःला कवचांच्या वर्तुळांवरून कधीच उमगले नाही, या आकड्यांवरून उमगले. अणूतून एकेक इलेक्ट्रॉन उपटून काढायला लागणारी ऊर्जा, म्हणजे आयनीभवन ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये.

सोडियम: पहिला इलेक्ट्रॉन 496. दुसरा 4562.

मॅग्नेशियम: 738, मग 1451, आणि तिसऱ्याला 7733.

ॲल्युमिनियम: 578, 1817, 2745, आणि चौथ्याला 11577.

मुलांना कवचांबद्दल काहीही न सांगता हे आकडे फळ्यावर लिहा आणि एवढेच विचारा, "उडी कुठे आहे?" सोडियममध्ये एकानंतर, मॅग्नेशियममध्ये दोनानंतर, ॲल्युमिनियममध्ये तीनानंतर. पाकिटातले पैसे काढणे आणि मुदत ठेव मोडणे यांत जो फरक, तोच हा. सोडियमच्या पाकिटात एकच नोट आहे. पुढची हवी असेल तर नऊपट किंमत मोजून ठेव मोडा. रोजच्या रासायनिक व्यवहारात ती कोणी मोडत नाही, म्हणून मिठात सोडियम एकच इलेक्ट्रॉन देतो. पाकिटातले जेवढे, तेवढे संयुजा इलेक्ट्रॉन. 'शेवटच्या कवचातले' ही या निरीक्षणाची सोयीची खूण झाली, कारण कवच बदलले की किंमत उडी मारते.

सिलिकॉनचे आकडे मुलांकडून करून घ्या: 786, 1577, 3232, 4356, 16091. चारानंतर उडी. आवर्तसारणीत गण 14. इथून गणाचा नियम आपोआप निघतो. गण 1 आणि 2 मध्ये गणाचा आकडा, 13 ते 18 मध्ये त्यातून 10 वजा. ब्रोमीन 35 वा, 2, 8, 18, 7, गण 17, संयुजा इलेक्ट्रॉन 7. कवचे न मांडताही सांगता येते. हीलियम तेवढा अपवाद, गण 18 आणि इलेक्ट्रॉन दोनच.

आता लोखंड. अणुअंक 26, कवचांनी 2, 8, 14, 2. आयनीभवन ऊर्जा 762, 1562, 2957, 5290. शोधा उडी. दोनानंतर नाही, तीनानंतरही सोडियमसारखी नाही. दर पायरीला साधारण दुप्पट, असा चढ आहे. लोखंडाच्या पाकिटाला दोन कप्पे आहेत असे म्हणा. चौथ्या एसचे दोन इलेक्ट्रॉन वरच्या कप्प्यात, तिसऱ्या डीचे सहा मधल्या कप्प्यात, आणि मधला कप्पा उघडायला ठेव मोडावी लागत नाही, थोडी खटपट लागते. म्हणून 'शेवटचे कवच' ही खूण इथे निरुपयोगी. तिने उत्तर 2 येते, आणि गंज समोर तीन इलेक्ट्रॉन दिलेले लोखंड दाखवत असतो.

म्हणून तुमच्या तिन्ही आकड्यांचे भांडण असे मिटते. बाह्यतम कवचातले इलेक्ट्रॉन विचारले तर 2. संयुजा इलेक्ट्रॉन विचारले तर 8, कारण संक्रमणी मूलद्रव्यांत अपुऱ्या भरलेल्या डीचे इलेक्ट्रॉनही व्यवहारात उतरू शकतात, म्हणून ते धरतात. लोखंडाचा गणही 8. आणि प्रत्यक्ष संयुगात किती दिले असे विचारले तर ते संयुगावर: हिराकसात (फेरस सल्फेटमध्ये) 2, गंजात 3. आठही इलेक्ट्रॉन लोखंड सहसा देत नाही. ज्या गाईडने '2' च्या पुढे 'संयुजा इलेक्ट्रॉन' असे छापले, त्यांनी शब्द चुकीचा वापरला, असे माझे मत. परीक्षेत लिहायची वेळ आली तर आधी व्याख्या एका ओळीत आणि मग आकडा. तपासणाऱ्याला वाद घालायला जागा उरत नाही.

एक गोष्ट मुलांना हमखास फसवते. लोखंडात भरताना चौथे एस आधी भरते, तर रिकामे होताना ते शेवटी होईल असे वाटते. होते उलटे: आधी एसचे दोन जातात, मग डीमधला एक. दोन गेल्यावर 2, 8, 14 आणि तीन गेल्यावर 2, 8, 13. स्कँडियमचे वर सांगितले ते आठवा. आयन होताना धन भार वाढतो, डी खाली सरकते, चौथे एस उघड्यावर पडते.

तांब्यापाशी तर शेवटच्या कवचाचा नियम साफ तोंडघशी पडतो. अणुअंक 29, संरूपण 2, 8, 18, 1. वाटते, सोडियमसारखा एकच देईल. पण मोरचूद (कॉपर सल्फेट) हातात घ्या. त्या निळ्या खड्यात तांब्याने दोन दिलेले आहेत, दुसरा थेट भरलेल्या डीमधून. शेजारचे जस्त, 2, 8, 18, 2, दोनावरच थांबते. त्याचे आकडे 906, 1733 आणि मग 3833. डीचे दहा तिथे इतके घट्ट धरलेले असतात की ते मोजायचे नाहीत. आवर्तसारणीत एका घराचा फरक आणि वागणे इतके वेगळे. गॅल्व्हनाइझिंगवाल्याचे, म्हणजे जस्ताचा थर देणाऱ्याचे, आयुष्य प्लेटिंगवाल्यापेक्षा सोपे का, असे आम्ही चेष्टेने म्हणायचो, त्यात हाही एक मुद्दा होता.

आता क्रोमियम, माझे जुने दुखणे. अणुअंक 24, संरूपण 2, 8, 13, 1. चौथ्या एसमध्ये एक आणि तिसऱ्या डीमध्ये पाच, मिळून सहा संयुजा इलेक्ट्रॉन. क्रोम प्लेटिंगच्या धुण्याच्या पाण्यात क्रोमियम हे सहाही देऊन बसलेले असते. हेच हेक्साव्हॅलंट क्रोम, पिवळे, विषारी, कर्करोग करणारे. ते तसेच सोडता येत नाही. गंधकाम्ल घालून पीएच 2 ते 3 वर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचे, पिवळा रंग जाऊन हिरवा आला की चुना घालून पीएच 8-9 करायचा. क्रोमियम हायड्रॉक्साइडचा हिरवट गाळ खाली बसतो. तो गाळ घातक कचरा म्हणून तळोज्याला जायचा.

एकदा एक नवा मुलगा, नुकताच बीएस्सी झालेला, शिफ्टला एकटा होता. टाकी 10,000 लिटरची, हेक्साव्हॅलंट क्रोम लिटरला 200 मिलिग्रॅम, म्हणजे टाकीत 2 किलो. त्याने मेटाबायसल्फाइटचा हिशोब स्वतः करायचा ठरवला. क्रोमियमच्या शेवटच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, म्हणजे देवाणघेवाण एकाची, असे धरले आणि 1.8 किलो पावडर टाकली. सकाळी मी गेलो तर टाकीत ना पिवळे ना हिरवे असे, शेवाळलेल्या डबक्यासारखे पाणी. नमुना परीक्षानळीत घेऊन हेक्साव्हॅलंट क्रोम ओळखायच्या रसायनाचे, डायफिनाइल कार्बाझाइडचे, दोन-तीन थेंब टाकले, लगेच गडद जांभळा-गुलाबी. विष बऱ्यापैकी तसेच होते. सुदैवाने त्याने व्हॉल्व्ह उघडला नव्हता.

टाकीच्या काठावरच, एका फाटक्या कार्टनच्या पुठ्ठ्यावर, मी त्याच्याकडून हिशोब पुन्हा करून घेतला. क्रोमियम सहा देऊन बसले आहे, त्याला तीन दिलेल्या स्थितीत आणायचे, म्हणजे अणूमागे तीन इलेक्ट्रॉन परत करायचे. मेटाबायसल्फाइटचा एक रेणू पाण्यात दोन बायसल्फाइट देतो, आणि प्रत्येक बायसल्फाइट सल्फेट होताना दोन इलेक्ट्रॉन देतो, एकूण चार. तीन भागिले चार, म्हणजे क्रोमियमच्या एका मोलला पाऊण मोल. पाऊण गुणिले 190 भागिले 52 (एका मोलचे ग्रॅममधले वजन मेटाबायसल्फाइटचे 190, क्रोमियमचे 52). एक किलो क्रोमियमला 2.74 किलो. दोन किलोला साडेपाच किलोच्या आसपास, आणि वर थोडे जास्तीचे, कारण हवा आणि इतर घाण आपला वाटा खातातच. त्याने टाकले होते ते याच्या बरोबर एक तृतीयांश. उरलेले टाकले आणि ढवळता ढवळता पाणी स्वच्छ हिरवे झाले. मुलगा पुढे चांगला केमिस्ट झाला. पुठ्ठा मी बरीच वर्षे ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

हेक्साव्हॅलंट क्रोम विषारी का, यातही हीच मोजणी आहे, आणि ही गोष्ट मला कोणी कॉलेजात सांगितली असती तर फार बरे झाले असते. सल्फेट मूलकाचे संयुजा इलेक्ट्रॉन मोजा: गंधकाचे 6, चार ऑक्सिजनचे 24, वरचे 2, एकूण 32. आता क्रोमेट: क्रोमियमचे 6, ऑक्सिजनचे 24, वरचे 2, पुन्हा 32. एकूण इलेक्ट्रॉन वेगळे, 50 आणि 58, पण व्यवहारातले सारखे. म्हणून आकारही सारखा, मध्ये एक अणू आणि भोवती चौफलकाच्या चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन. आपल्या पेशींना सल्फेट लागते, ते आत घ्यायचे दरवाजे त्यांना असतात, आणि क्रोमेट सल्फेटच्या वेषात त्याच दारातून आत शिरते. आत गेल्यावर ते इलेक्ट्रॉन ओरबाडत सुटते, त्यात डीएनएची नासधूस होते. तीन इलेक्ट्रॉन परत मिळालेल्या क्रोमियमभोवती पाण्याचे सहा रेणू जमतात, आकारच बदलतो, आणि ते दार त्याला सहज उघडत नाही. जुन्या आठ गणांच्या आवर्तसारणीत गंधक आणि क्रोमियम दोघेही सहाव्या गणात असत. आता ते 16 आणि 6 असे दूर गेले. जुन्या मांडणीत हे नाते डोळ्यांना दिसायचे.

तुमच्या दहावीच्या मुलांसाठी मात्र जास्त महत्त्वाचे दुसरेच: संयुजा आणि संयुजा इलेक्ट्रॉन यांची सरमिसळ. गुण सगळ्यात जास्त इथे जातात. ऑक्सिजनचे संयुजा इलेक्ट्रॉन 6, संयुजा 2. क्लोरीनचे 7 आणि 1. नायट्रोजनचे 5 आणि 3. पहिला आकडा पाकिटात किती आहेत त्याचा. दुसरा व्यवहार किती जणांचा झाला त्याचा. चारापर्यंत दोन्ही सारखे येतात, म्हणून मुले एकच समजतात. गंधकासारखे मूलद्रव्य मुद्दाम द्या: संयुजा इलेक्ट्रॉन नेहमी 6, पण हायड्रोजन सल्फाइडमध्ये संयुजा 2, सल्फर डायऑक्साइडमध्ये 4, गंधकाम्लात 6.

वर्गात करून दाखवायला एक प्रयोग सुचवतो. मोरचूद थोडेसेच लागते. जांभळी नाक्याच्या बाजाराकडे बी-बियाणे, खते विकणाऱ्या दुकानात विचारून बघा, बागेच्या फवाऱ्यासाठी ठेवतात. दोन चमचे काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवा. हातमोजे घाला, आणि तो ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नका. लोखंडी खिळा, गॅल्व्हनाइझ केलेला नको, पॉलिशपेपरने घासून, पुसून, वजन करा. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. खिळा रात्रभर द्रावणात ठेवा. सकाळी निळा रंग फिका आणि खिळ्यावर तांबूस, भुसभुशीत थर. थर दुसऱ्या ग्लासात अलगद खरवडून, धुऊन, वाळवून वजन करा. खिळ्याचेही पुन्हा करा.

खिळ्यातून 0.56 ग्रॅम लोखंड गेले असेल तर तांबे 0.64 ग्रॅमच्या आसपास मिळायला हवे, कारण एका लोखंडाच्या अणूने दोन दिले आणि तांब्याच्या एका आयनाने दोन घेतले, 55.8 ला 63.5. लोखंडाने इथे तीन दिले असते तर त्याच 0.56 ग्रॅमला जवळजवळ 0.96 ग्रॅम तांबे बसले असते. भुसभुशीत थर धुताना थोडे तांबे वाहून जाते, ओलावा राहिला तर वजन वाढते, तरी 0.64 आणि 0.96 यांत गोंधळ होण्याइतकी चूक सहसा होत नाही. त्या 2, 8, 9 वाल्याला काट्यापाशी बसवा, आकडे त्यालाच लिहू द्या.